सैल वादीची चुगली

हातमोजा म्हटलं की तुम्हाला थंडीचे दिवस आठवतील. मी त्या जातीचा नाही, मित्रांनो. मी बेसबॉलचा एक जुना हातमोजा आहे, गाईच्या कातड्याचा, तळव्यात काळा पडलेला, आणि आता जोडे दुरुस्तीच्या एका दुकानात खिळ्याला टांगलेला. ज्या दिवशी होम रनचा, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार मारण्याचा, सगळ्यात मोठा विक्रम मोडला, त्या दिवशी मी मैदानाच्या मधोमध होतो. तो कसा मोडला यावर लोक अजून भांडतात. खरं काय ते मला माहीत आहे, कारण चूक माझी होती. बरं, निम्मी माझी.

मी जन्मलो कारखान्यात, पण मला माणसांत आणलं ते एमिल क्रायचेक यांनी. नेब्रास्कातल्या एका छोट्या गावात त्यांचं हे दुकान. मुलाला, ड्वेनला, कॉलेजच्या संघात पिचर म्हणून घेतलं, तेव्हा त्यांनी मला आणलं. कारखान्याच्या वाद्या उपसून फेकल्या आणि स्वतः कापलेल्या चामड्याच्या वाद्यांनी मला नव्याने ओवलं.

"दर हिवाळ्यात हा माझ्याकडे आणायचा," ते ड्वेनला म्हणाले. "चामडं जितं असतं. अधूनमधून विचारावं लागतं त्याला, काय रे, कसा आहेस."

झेलणं हे माझं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे लपवणं. पिचर चेंडू फेकण्याआधी हात माझ्या पोटात घालतो आणि तिथे चेंडूवर बोटं बसवतो. ड्वेनकडे चेंडू दोनच. वेगवान चेंडू तो दोन बोटांत धरायचा. हळू चेंडूसाठी मात्र अख्खा पंजा पसरून चेंडू तळव्यात खोल दाबावा लागायचा. हात दोन्ही वेळा सारख्याच जोराने यायचा, त्यामुळे फलंदाज फसायचा. आत काय चाललंय हे ड्वेनला, मला आणि फलंदाजामागे बसून खुणा करणाऱ्या कॅचरला, रामीरोला, एवढंच ठाऊक असे. सात वर्षं मी तोंड घट्ट मिटून होतो. मिलवॉकीच्या मोठ्या संघात आम्ही पोचलो ते त्या मिटलेल्या तोंडामुळे, असं म्हटलं तर मला फुशारकी म्हणू नका.

मग ड्वेनचं लक्ष उडालं. एका हिवाळ्यात त्याला वेळ नव्हता, दुसऱ्यात तो विसरला, आणि तिसऱ्यात त्याने मला आणलं खरं, पण गाडीच्या डिकीतच ठेवलं. करंगळीच्या बाजूची माझी वादी ताणून सैल झाली. पुढच्या मोसमात तो सलग नऊ सामने जिंकला, आणि मग तर विचारायलाच नको. जिंकणारा खेळाडू कशालाही हात लावू देत नाही. टोपी धुवायची नाही, सामन्याआधीचं सॉसेज त्याच गाड्यावरचं, पायमोजा आधी डावाच. माझी वादी बदलणं तर फार लांबची गोष्ट.

दहाव्या सामन्याला समोर आला रॉस्को थॅगार्ड.

त्याचं नाव निघालं की या देशातली जेवणाची टेबलं दोन बाजूंना वाटली जात. त्याचे सातशे एकोणचाळीस होम रन झाले होते, म्हणजे हायरम बेल या जुन्या खेळाडूच्या बरोबर. अजून एक मारला की विक्रम त्याचा. पण चाळिशीत माणसाची मान झाडाच्या बुंध्याएवढी कशी होते, असं लोक विचारत. तो औषधं टोचून घेतो, असं अर्धा देश म्हणे. सिद्ध काही झालं नव्हतं, आणि त्यानेही कधी धड उत्तर दिलं नव्हतं.

एमिल यांच्या दुकानात, पैशाच्या खणावर, हायरम बेलचा फोटो होता. लहानपणी त्यांनी त्याच्याशी हात मिळवला होता. त्या रविवारी सकाळी ड्वेनने त्यांना फोन लावला, तेव्हा मी त्याच्या मांडीवर होतो.

"तोच आहे का आज?" त्यांनी विचारलं.

"तोच आहे, बाबा. मॅनेजर म्हणतायत, वाटलं तर चार चेंडू बाहेर टाक आणि सोड त्याला फुकट."

"पळू नकोस. पण देऊही नकोस." जरा थांबून ते म्हणाले, "वादी बघितलीस का?"

"बाबा, नऊ जिंकलोय. आता नको."

एमिल यांनी फोन ठेवला. तो सातशे चाळिसावा ज्याच्या हातून जाईल, त्याचं नाव त्या विक्रमाला जन्मभर चिकटणार होतं. बाकी त्याने आयुष्यात काय केलं, हे कुणी विचारणार नव्हतं.

दुपारी मैदान खच्चून भरलं. लोकांनी पुठ्ठ्याच्या हातभर लांब सुया करून आणल्या होत्या. थॅगार्ड आला आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. तो शांतपणे बुटाने माती सारखी करत राहिला.

पहिल्या खेपेला तो हळू चेंडूवर फसला आणि बाद झाला. लोक नाचले. मी मात्र अस्वस्थ झालो. परत जाताना त्याने ड्वेनकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या खेपेला माझी खात्री पटली. ड्वेनने पंजा आत खुपसला आणि माझी सैल बाजू बोटभर फाकली. चेंडू सुटायच्या आधीच थॅगार्डचे खांदे सैलावले. तो हळू चेंडू त्याने हसल्यासारखं करून जाऊ दिला. पुढचा वेगवान होता, तो त्याने उंच मारला आणि कुंपणाला टेकून आमच्या गड्याने कसाबसा झेलला.

आता सांगा, मी काय करणार होतो? मला जीभ नाही. त्याला माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसत होतं, आणि माझा मालक बिनघोर होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या खेपेला आम्ही एका धावेने पुढे होतो. मॅनेजरने खुणेने विचारलं, सोडायचा का? ड्वेनने मान हलवली. रामीरो मुखवटा वर करून त्याच्याजवळ आला.

"ऐक, दोन वेगवान टाकू, बाहेरून. मग हळू. पहिल्या खेपेला फसला ना गडी."

"फसला खरा."

"मग घाबरतोस कशाला? हात बघ कसा ओला झालाय."

"घाबरत नाहीये. तू जा, खाली बस."

दोन वेगवान चेंडू थॅगार्डने जाऊ दिले, आणि दोन्ही त्याच्याविरुद्ध मोजले गेले. अजून एक चुकला की तो बाद. लोक उभे राहिले. ड्वेनचा हात आत आला. बोटं पसरली. मी सगळा जीव एकवटून मिटायचा प्रयत्न केला, पण मित्रांनो, वादीशिवाय चामड्याचं काही चालत नाही. मी उघडलो.

थॅगार्ड थांबला. एक क्षण जास्त थांबला. मग आवाज आला, आणि चेंडू कुठे गेला ते बघायला ड्वेन वळलासुद्धा नाही.

शेवटी सामनाही आम्ही हरलो. खाली कपडे बदलायच्या खोलीत ड्वेन मला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि दारात थॅगार्ड येऊन उभा राहिला. त्याच्या मागे कॅमेऱ्यांचा गलका होता. त्याने दार लावून घेतलं.

"पोरा, करंगळीकडची वादी बदल."

"काय?"

"हळू चेंडू धरलास की तुझा ग्लव्ह चुगली करतो. अजून कुणाला दिसलं नसेल. पण दिसेल."

"मला का सांगतोयस हे?"

"चांगला फेकतोस म्हणून," तो म्हणाला आणि निघून गेला.

ड्वेन आरशासमोर उभा राहिला. वेगवान धरून बघितला. हळू धरून बघितला. मग खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पाच मिनिटांनी बातमीदार आत घुसले. पाईक नावाच्या बाईंनी विचारलं, "सुई नसती तर हा चेंडू कुंपणापलीकडे गेला असता का?"

सोपं होतं हो. नुसतं 'तुम्हीच ठरवा' म्हटलं असतं तरी ड्वेन सुटला असता. अर्धा देश त्याच्या बाजूने उभा राहिला असता, आणि एमिलही.

ड्वेनने मला वर धरलं. "त्याने काय घेतलं, मला माहीत नाही. पण आजचा चेंडू त्याने डोळ्यांनी मारला. ही वादी सैल आहे. तीन हिवाळे मी ती बदलली नाही."

छापून काय आलं, तर पिचर हातमोज्यावर खापर फोडतो. फार हसले लोक.

सुट्टी मिळताच ड्वेन गावी आला. एमिल यांनी त्याला बसही म्हटलं नाही.

"माझ्या माणसाचा विक्रम घालवलास," ते म्हणाले. "वर त्याचीच बाजू घेतलीस."

"बाजू नाही घेतली, बाबा. झालं ते सांगितलं."

एमिल यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मा लावला, आरी काढली आणि जुनी वादी उपसली. नवी कापली, तेल लावलं, ओवली, दातांनी गाठ ओढली. नंतर त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दुकानाच्या पार टोकाला जाऊन, सत्तर वर्षांचे गुडघे वाकवून, फलंदाजासारखे उभे राहिले.

"धर," ते म्हणाले.

ड्वेनने हात आत घातला. पंजा पसरला. मी मिटून राहिलो.

एमिल डोळे बारीक करून बघत राहिले.

त्यानंतर आम्ही अजून पाच वर्षं खेळलो, मित्रांनो, आणि दर हिवाळ्यात दुकानात आलो. विक्रमाच्या पुस्तकात ड्वेनचं नाव अजूनही थॅगार्डच्या खालीच छापतात. थॅगार्डच्या अंगात काय होतं, मला विचारू नका, मी फक्त त्याचे डोळे पाहिले. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी कामाला असेल, तर सगळं छान चाललेलं असतानाच त्याला एकदा उलटंपालटं करून बघा. आम्हाला सांगता येत नाही हो. त्या दिवशी मला ओरडायचं होतं.

आणि झाडू धरून उभ्या असलेल्या एमिल यांनी शेवटी काय म्हटलं, ते मी रोज या खिळ्यावर आठवतो.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. "ये, जेवून घे."