राजाबाईनं बिडी टाकली

राजाबाईनं बिड्यांचं बंडल चुलीत टाकलं आन् सकाळच्या पारी आमच्या वाड्यावर भांडान पेटलं. बंडल तिच्या येकटीचं न्हवतं. त्यात आमच्या सासूचा, काशम्माचा, निम्मा वाटा व्हता.

वाडा म्हंजी काय घर न्हवं. दिवाळी झाली की आमी धनगरं मेंढरं घिऊन श्रीपूरच्या बागायतीकडं उतरायचो. कुनाच्या तरी रानात वाघर तानून, म्हंजी जाळं लावून, त्यात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, आमाला जवारी मिळायची. त्या वाघरीशेजारी तीन दगडांची चूल, चार भांडी, दोन घोडी आन् कुत्री. त्योच आमचा वाडा.

"आगं, माज्या का टाकल्यास?" आत्ती, म्हंजी सासूबाई, म्हनल्या. "तुला वढायची न्हाय तर नगं वढू. माजं काय आता पोट यायचं हाय का?"

"तुमच्या कनवटीला बंडल दिसलं की माजा हात तिकडं जातोय," राजाबाई म्हनली.

"मंग हात बांधून ठिव की."

"बांधलं असतं. वाघर कुनी तानायची?"

मी भाकरी थापत व्हते. चुलीतनं तमाखूचा भपकारा आला आन् दोघींनीबी बोलता बोलता तोंड वर करून त्यो वास घेतला. मला हसू आलं, पर मी हसले न्हाय. राजाबाईचं डोळं भरलं व्हतं.

ती माजी धाकटी जाऊ. माज्या दिराची, सिद्धाप्पाची बायकू. वीस-बाविशीची आसंल. तिची आई लहानपनीच गेली. बा मेंढरामागं येकलाच. थंडीत पोर कुडकुडाय लागली की तिला ऊब म्हनून दोन झुरकं द्यायचा. तशी तिला बिडी लागली. लगीन हून आली, तवा सासू-सुनंचं पहिल्याच आठवड्यात जमलं ते बिडीवर. दोघी बांधावर बसून येकच बिडी आळीपाळीनं वढायच्या आन् खालच्या आवाजात कानडी-मराठी बोलायच्या. मी कदी बिडी वढली न्हाय, म्हनून दोन पोरांची आई आसून मी त्या घरात जरा परकीच ऱ्हायले.

राजाबाईची दोन लेकरं गेली व्हती. पहिलं बहात्तरच्या दुष्काळात झालं. मुठीएवढं. अकरा दिस जगलं. समदी म्हनली, आईच्या पोटाला न्हवतं, लेकरू कशानं जगंल. दुसरं दुष्काळ सरल्यावर आठव्या म्हैन्यात आलं, ते रडलंच न्हाय. त्या साली घरात कनगी भरून जवारी व्हती. दुष्काळावर घालायची सोय ऱ्हायली न्हवती. मंग कुनी कायबी बोललं न्हाय, आन् ते न बोलनं तिला लई लागलं.

आता तिसऱ्यांदा चौथा म्हैना. भांडनाच्या आदल्या दिशी माज्या पोराचं डोळं आलं म्हनून आमी दोघी दवाखान्यात गेलो. तितं हेमावतीबाई म्हनून नर्स व्हत्या. पोराच्या डोळ्यात औशद घालता घालता त्यांनी राजाबाईकडं बगितलं. मंग तिचा हात धरून बोटं सोताच्या नाकापाशी नेली.

"किती ओढतेस दिवसाला?"

राजाबाईनं हात वढून पदराखाली घेतला.

"आठ-धा," मीच म्हनले.

बाईंनी तिला बाकावर बसवलं, मागची दोन्ही बाळंतपनं इचारली. मंग म्हनल्या, "हे बघ, धूर तुझ्या एकटीच्या छातीत राहत नाही. रक्तातून बाळापर्यंत जातो. बाळाला पुरेसं मिळत नाही, ते बारीक राहतं, कधी दिवस भरायच्या आधी येतं. तुझी दोन्ही त्यानंच गेली असं मी सांगू शकत नाही. आणि सोडलीस म्हणजे हे जगेलच, असाही शब्द देत नाही. पण सोड."

वाटंनं राजाबाई फुडं फुडं चालली. वाड्यावर आल्यावर येकच म्हनली, "केराक्का, त्या बाईनं शब्द दिला आसता तर बरं झालं आसतं."

आन् सकाळी बंडल चुलीत गेलं.

पुढचं दिस कसं गेलं ते इचारू नगा. बाई येका जागी बसंना. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची आन् उठायची. तानलेली वाघर सोडून परत तानायची. चिचोकं भाजून चघळायची, उसाचं कांडं चघळायची, काय न्हाय तर पदराचं टोक चावायची. हात सारखं कायतरी शोधायचं. उनाचा चटका न्हाय, वारं गार, तरी तिच्या कपाळाला घाम. कोकरू आडवं आलं तर त्याच्यावर वराडायची आन् मंग त्यालाच पोटाशी धरून बसायची. येकदा माज्या पोराला फटका मारला. मी तिच्याशी दोन दिस बोलले न्हाय.

आत्तींनी दुसरं बंडल आनलं व्हतंच. त्या चुलीपाशीच वढायच्या. "मी नऊ लेकरं काढली बिडी वढत," त्या म्हनायच्या. "कालची नर्स मला शिकवनार व्हय?"

राजाबाई उठून वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला जायची. तिचा धीर बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, आन् रागबी यायचा. तिच्या वाटचं पानी मी आनत व्हते, तिच्या वाटचं दळान मी दळत व्हते.

असं तीन आठवडं झालं. मंग धोंडीरामच्या रानात त्यो परकार घडला.

धोंडीराम बागायतदार, मानूस वाईट न्हवं. त्याच्या रानात आमची मेंढरं चार दिस बसायची ठरली व्हती. शेजारी त्याचा घाट्याला आलेला हरभरा. दुपारी मेंढरांवर राजाबाई व्हती. पलीकडं ऊसतोड्यांच्या खोपी व्हत्या. तितला येक म्हातारा खोपीम्होरं बिडी वढत बसला व्हता. वारं हिकडचं. राजाबाई वासामागं चालत गेली आन् खोपीमागं कुडाला टेकून हुबी ऱ्हायली. मागितली न्हाय, नुसती हुबी ऱ्हायली. तिनंच मला मागनं सांगितलं. म्हनली, "म्हाताऱ्याची बिडी सरस्तवर मला कळालंच न्हाय मी कुटं हाय."

तवर निम्मी मेंढरं हरभऱ्यात.

धोंडीराम बांधावरनं आला आन् म्हनला, "बाई, मेंढरं तुमची, का हरभराबी तुमचाच?" आमचं मालक कल्लप्पा आन् सिद्धाप्पा पळत आलं, हाता-पाया पडलं. त्यानं शिवी दिली न्हाय, पर सांजच्या आत वाडा उचला म्हनून सांगितलं. येक रान गेलं म्हंजी शेजारची चार जातात. समद्यांचं कान येकच आसत्यात.

सिद्धाप्पा बायकूकडं गेला न्हाय. माज्याकडं आला. त्याचं तोंड काळं पडलं व्हतं.

"वैनी, द्या तिला येक," त्यो म्हनला. "आशीच ऱ्हायली तर हितं आपल्याला कोन हुबं करनार न्हाय. लेकरू यायचं आसंल तर येईल, न्हायतर न्हाय."

"तुमी द्या की, भावजी."

"माज्या हातनं हुईना."

मी आत्तींकडनं बिडी घेतली, चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवली आन् राजाबाईच्या हातात दिली. ह्याच हातानं. मला तिची कीव आली व्हती म्हनून दिली का दळान सरावं म्हनून दिली, ते मला आजबी नीट सांगता येत न्हाय.

तिनं माज्याकडं बगितलं. वाटलं, टाकंल. तिनं वढली. शेवटच्या बोटभर तुकड्यापतुर, डोळं मिटून. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांचा तान उतरला. मंग तिनं पोटावर हात ठिवला.

"अक्का," थोड्या येळानं ती म्हनली, "सकाळपासनं हालत व्हतं. आता हालंना."

"निजलं आसंल."

"हालंना गं."

वाडा उचलायचा व्हता. घोड्यांवर भांडी चढवायची, कोकरं जाळीत घालायची. कुनाचं हात चालंनात. राजाबाई बांधावर आडवी झाली. ह्या कुशीवर, त्या कुशीवर. उठली, पानी प्याली, चार पावलं चालली, परत निजली. सिद्धाप्पा लांब, घोड्याचं दावं सोडायचा आन् परत बांधायचा. मी काय करनार? मी भांडी घासली. घासलेली परत घासली.

आत्ती आल्या आन् तिच्या पोटावर तळहात ठिवून बसल्या. लई येळ बसल्या. सावली बांधावरनं खाली उतरली.

"आत्ती, तुमी नऊ म्हनता," राजाबाई म्हनली. "ही दोगं, आन् अक्कलकोटाकडं दिलेल्या दोन लेकी. चारच हायती की."

आत्तींनी तळहात पोटावरनं काढला न्हाय.

"पाच कुटं गेली?"

"गेली," आत्ती म्हनल्या. "दोन झाल्या झाल्या. येक सव्वा म्हैन्याचं. दोगं..." त्या दुसऱ्या हाताची बोटं मोजत व्हत्या, त्या मधीच थांबल्या. "मला कुनी नर्स भेटली न्हाय गं. मी म्हनलं, देवानं नेली. देवाला बोल लावता येत न्हाय, म्हनून गप बसले."

मंग त्यांचा हात जरासा वर उचलला गेला. त्यांनी उचलला न्हवता.

"हाललं," त्या म्हनल्या.

राजाबाई रडली न्हाय. उठली आन् तिनं आधी कोकरं जाळीत भरली.

त्या दिसापासनं आत्तींनी बिडी सोडली का? न्हाय सोडली. ते वय सोडायचं न्हवतं. पर बिडी पेटवायची म्हनली की त्या उठायच्या, वारं कुनीकडचं हाय बगायच्या आन् रान वलांडून पार लांब जाऊन बसायच्या. गुडघं दुखायचं, तरी जायच्या. दिसातनं चारदा जायच्या, मंग तीनदा. यवड्या लांब चालायचा कंटाळाच त्यांच्या कामी आला. मी त्या दिसानंतर राजाबाईच्या वाटचं दळान दळताना जात्याला कदी शिवी दिली न्हाय.

राजाबाईनं परत बिडी धरली न्हाय. पर ती शांत झाली आसं समजू नगा. आणखी दोन म्हैनं ती तशीच फिरत व्हती. मेंढरं थांबली तरी हिचं पाय थांबत न्हवतं.

शिमगा झाला आन् आमी गावाकडं परतीला लागलो. वाटंतच, भर दुपारी, येका लिंबाखाली तिला कळा आल्या. घोंगड्यांचा आडोसा केला. आत्तींनीच सोडवली. दिस पुरं भरलेलं व्हतं. पोरगी झाली. आधी येक क्षन काय आवाज आला न्हाय. आडोशापलीकडं सिद्धाप्पाची पाठ मला दिसत व्हती, ती आकडून गेली व्हती. मंग पोरीनं आसा टाहो फोडला की बांधलेली कुत्री भुकाय लागली.

लई दांडगी पोर न्हवती. माज्या पोरांपेक्षा जरा हलकीच. पर मुठीएवढी न्हवती. आईला लुचत व्हती, वढ घेत व्हती. पाच दिस आमी तितंच थांबलो. अकराव्या दिशी राजाबाईनं पोरीला खाली ठिवलं न्हाय, आन् कुनाला हातबी लावू दिला न्हाय. बाराव्या दिशी सकाळी तिनं पोर उचलून माज्या मांडीवर दिली आन् म्हनली, "अक्का, घे. मला जरा पाय मोकळं करायचं हायती."

पावसाळ्यात आमी दोघी रानात खुरपत व्हतो. पोरगी बांधावर झोळीत निजली व्हती. रस्त्यानं कोन तरी सायकलवाला बिडी वढत गेला. वास आमच्यापतुर आला. राजाबाईचं खुरपं थांबलं. नाकपुड्या फुगल्या. मंग परत खुरपं चालाय लागलं, आधीपेक्षा जोरात.

"सुटली न्हवं गं आता?" मी इचारलं.

"न्हाय सुटली, अक्का," ती म्हनली, मान वर न करता. "मी वढत न्हाय, यवडंच."