मारबरीला काय मिळालं?

निकाल मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आला. स्टाफरूममध्ये कुणासमोर बोलायला नको म्हणून आसावरीने पार्किंगमध्ये, गाडीत बसून फोन घेतला.

"ताई, जज आपल्याच बाजूने बोलले," वकील रवी म्हणाला. "इमिग्रेशनवाल्यांनी फाइल विनाकारण अडकवून ठेवली, ओजसवर अन्याय झाला, असं स्पष्ट लिहिलंय."

"मग?"

"मग काही नाही. त्यावर ऑर्डर काढायचा अधिकार कायद्याने या कोर्टाला दिलेला नाही, असंही लिहिलंय. केस डिसमिस झाली."

आसावरीचा मुलगा ओजस नागपूरहून अमेरिकेत, चँडलरला आला तेव्हा चार वर्षांचा होता. ग्रीन कार्डाची फाइल तिघांची एकत्र होती. ती पुढे सरकेना, आणि ओजसचं एकविसावं वर्ष संपलं. त्यानंतर त्याला आईवडिलांच्या नावावर इथे राहता येईना. मग आसावरीचं आणि तिच्या नवऱ्याचं, सुशांतचं, कार्ड आलं. ओजसचं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात नेमका दोनशे वर्षांपूर्वीचा मारबरीचा खटला शिकवायचा होता. आसावरी तो दरवर्षी रंगवून सांगायची. आज खुर्चीत बसूनच बोलली. निवडणूक हरलेल्या अध्यक्ष ॲडम्सने जाता जाता आपल्या माणसांना न्यायाधीश नेमलं. सह्या झाल्या, शिक्के बसले, पण त्यांतल्या मारबरीचं नेमणूकपत्र पोचवायचं राहून गेलं. नवा अध्यक्ष जेफरसन म्हणाला, आता देऊ नका. मारबरी सुप्रीम कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, हक्क तुझाच आहे, पण तो मिळवून देणं आमच्या हातात नाही. ज्या कायद्याने आम्हाला हा अधिकार दिलाय, तो कायदाच घटनेत बसत नाही.

"म्हणजे कोर्टाने लहान अधिकार नाकारला," ती म्हणाली, "आणि कायदा रद्द करायचा मोठा अधिकार घेतला. तेव्हापासून तो कोर्टाकडेच आहे."

मोना नावाच्या मुलीने हात वर केला. "पण मिस, मारबरीला काय मिळालं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"काहीच नाही," आसावरी म्हणाली. "तो न्यायाधीश झाला नाही."

मग मागचा एकजण म्हणाला, "दॅट सक्स," आणि सगळे हसले. आसावरीही हसली. हसताना आपण किती थकलोय ते तिला कळलं.

संध्याकाळी तिने वरण-भात लावला आणि जेवताना अपिलाचा विषय काढला. "रवी म्हणतो, वरच्या कोर्टात चान्स आहे. आपला मुद्दा नवीन आहे. जिंकलो तर तुझ्यासारख्या कितीतरी मुलांचं भलं होईल."

"किती वेळ लागेल?" ओजसने विचारलं.

"दोन वर्षं. कदाचित तीन."

"आणि तोपर्यंत मी काय करू? आय कान्ट वर्क, आई. मला टोरोंटोला ॲडमिशन मिळालीय. मी जातो."

"तू इथलाच आहेस. हे कोर्टात सिद्ध करता येईल."

"मला सिद्ध नाही करायचं." त्याचा आवाज चढला नाही. "मला फक्त कुठेतरी राहायचंय. आय ॲम टायर्ड."

तिने सुशांतकडे पाहिलं. तो ताटातला भात चिवडत होता. "जाऊ दे त्याला," तो म्हणाला. "तूही दमलीयेस."

तिला भांडायचं होतं. मुद्दे तयार होते. वकिलीचं शिक्षण तिने नागपुरात घेतलं होतं, ते अजून विसरली नव्हती. पण समोर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांखाली चाळिशीतल्या माणसासारखी काळी वर्तुळं होती. तिने त्याच्या ताटात आणखी थोडं वरण वाढलं आणि विचारलं, "तिकडे थंडीचे कपडे लागतील ना रे? तुझ्याकडे तर एक जाड जॅकेटही नाही."

ऑगस्टच्या शेवटी ओजस गेला. त्याच आठवड्यात रवीचा फोन आला. अपिलाची मुदत संपत आली होती.

"नको करूस," आसावरी म्हणाली.

"ताई, केस चांगली आहे हो. कुणीतरी लढायला हवं."

"हवंच. पण आम्हाला नाही झेपत."

फोन ठेवून ती सोफ्यावर आडवी झाली. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, पडदे ओढलेले होते. तिला इतकी गाढ झोप लागली, की शेवटी सुशांतने चहा करून हाक मारली तेव्हाच जाग आली.