पाटाची उजवी बाजू

“आंटी, तुम्ही बसून जा ना बायकोच्या जागेवर. डायलॉग काहीच नाहीये,” असं म्हणत सोनिकाने शामलाच्या हातात नथ ठेवली.

सोनिका सिनेमावाल्यांची मदतनीस. महाराज बाड्याजवळच्या मंगल कार्यालयात शूटिंग चाललं होतं. सिनेमा ठेवलेल्या बायकांच्या आयुष्यावर. सत्यनारायणाला बसलेलं जोडपं नायिका दारातून बघते, एवढाच प्रसंग. पाहुण्या म्हणून या हिंदी बोलणाऱ्या गावातल्या नऊवारीवाल्या मराठी बायका बोलावल्या होत्या. पूजेला बसणारी बाई ऐन वेळी तापाने आडवी झाली आणि सोनिकाची नजर पडली ती नेमकी शामलावर. आता याला काय म्हणावं?

कारण दर्पण कॉलनीत ब्लाउज शिवणारी ही शामला अठ्ठावीस वर्षं पांडुरंगरावांची होती. दर गुरुवारी दुपारी ते यायचे, चहा घ्यायचे, दिवेलागणीच्या आत घरी जायचे. दोन वर्षांपूर्वी गेले, ते तिला चौथ्या दिवशी कळलं, तेही गिऱ्हाइकाकडून. माया भरपूर मिळाली, खोटं कशाला बोला. फक्त चार लोकांत त्यांच्या शेजारी बसणं राहून गेलं. एकदाच, हाताला हात लावून. ही हौस तिने कुणालाच सांगितली नव्हती.

आणि पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या कुसुमताई, पांडुरंगरावांच्या पत्नी. कधी समोर आल्या तरी नजर न देता पुढे जाणाऱ्या. आज या तोंड उघडतील आणि चारचौघींत आपली शोभा होईल, अशी शामलाला धास्ती वाटली. तरी ती उठली.

मोठे दिवे लागले. धुपाच्या धुरात सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलायला लागलं. पाटावरच्या नटाचे पिकलेले केस, खांद्यावरचं उपरणं... तेच बसले होते. तिला गुरुवारच्या चहातल्या आल्याचा वाससुद्धा आला. ती तरंगत गेली आणि त्यांच्या डावीकडे बसली.

“आंटी, इधर बैठते हैं क्या?” सोनिका गोंधळली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. “अगंबाई, एवढंही ठाऊक नाही?”

ठाऊक कुठून असणार? पांडुरंगराव पूजेला बसलेले तिने एकदाच पाहिले होते. त्यांच्या घरी शिवलेले ब्लाउज द्यायला गेली होती, तेव्हा दाराशी बसून, समोरून. समोरून बघणाऱ्याला बायको डाव्या हाताला दिसते. तेच तिच्या डोळ्यांत राहिलं होतं.

कुसुमताई उठल्या. शामलाने मान खाली घातली.

“उजवीकडे बसायचं असतं, शामला,” त्या हळूच म्हणाल्या. दंडाला धरून त्यांनी तिला उठवलं, वळसा घालून नेलं, उजवीकडे बसवलं. मग तिचा हात उचलून नटाच्या हातावर ठेवला. “असा. पूजा संपेपर्यंत काढायचा नाही.”

“तुम्हाला माझं नाव...”

“दर गुरुवारी ते घरचा चहा नको म्हणायचे,” कुसुमताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. शामलाच्या नाकातली नथ त्यांनी जराशी सरळ केली आणि त्या मागे वळल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली त्यांची जागा दुसरीने घेतली होती. कुसुमताई दाराशी गेल्या, पदर सावरून खाली बसल्या आणि समोरून बघत राहिल्या.