धुक्यातला भोंगा, भाग चौथा

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरात नेव्हिल डॅनटच्या घरी कोणी गेलं, की त्याला चहाच्या आधी भिंत दाखवली जाई. समोरच्या खोलीतली ती अख्खी भिंत 'लाइटशिप नाइन'ची होती. काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या दिवसांतली ही मालिका. समुद्रात नांगरून ठेवलेली एक दीपनौका, तिच्यावरचे पाच खलाशी आणि दर आठवड्याला धुक्यातून येणारं काहीतरी अघटित. आधी तिच्या व्हिडिओ कॅसेटी निघाल्या, मग डीव्हीडी निघाल्या, आणि नेव्हिलने दोन्ही वेळा प्रत्येकीच्या दोन-दोन प्रती घेतल्या. एक बघायला, एक न बघायला. न बघायच्या प्रतीचं प्लॅस्टिक कोणी नखाने नुसतं टोकरलं तरी त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत.

बायको त्याला नव्हतीच. असती तर दोनातली एक प्रत केव्हाच जत्रेत विकली गेली असती.

डीव्हीडीच्या डब्यांच्या कडा ओळीने लावल्या, की त्यांच्यावर मिळून दीपनौकेचं चित्र तयार होई. नेव्हिलच्या भिंतीवर नौका होती, नांगर होता, लाटा होत्या. पण बरोबर मधोमध, जिथे दिवा असायचा, तिथे एका डब्याएवढी फट होती. ती 'धुक्यातला भोंगा' या कथेची जागा. चार भागांची ती कथा टीव्हीवाल्यांनी फार पूर्वीच पुसून टाकली होती. त्या काळी टेपा महाग, म्हणून जुनं पुसायचं आणि त्यावर नवं घ्यायचं, असा सरळ कारभार होता. "पुसणाऱ्याचे हात झडोत," असं नेव्हिल म्हणे, आणि ते अगदी मनापासून म्हणे.

चित्रं गेली ती गेलीच. आवाज मात्र पोराटोरांच्या कृपेने उरला. घरात व्हिडिओ नव्हता तेव्हा या मालिकेची वेडी पोरं टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीसमोर खुर्चीवर ठेवत आणि सगळ्या घराला श्वास रोखून बसवत. पुढे त्याच टेपांवरून आवाज घ्यायचा, वर जुने फोटो लावायचे आणि हरवलेला भाग उभा करायचा, अशी रीत पडली. 'धुक्यातला भोंगा'चे पहिले तीन भाग असेच इकडून तिकडून गोळा झाले. चौथ्याची धड ऐकू येणारी टेप साऱ्या इंग्लंडात एकच होती, आणि ती नेव्हिलकडे होती.

धड म्हणजे, एक जागा सोडून. शेवटच्या प्रसंगात कॅप्टन ऑर्म नौकेचा दिवा विझवतो, भोंगा थांबतो, आणि कॅप्टन म्हणतो, "आता ते आपल्याला पाहू शकत नाहीत." नेमकं त्याच वाक्यावर डॅनटांच्या घराचं मागचं दार धाडकन उघडतं, आणि नेव्हिलचा धाकटा भाऊ बॅरी, वय वर्षं नऊ, चिखलाच्या पायांनी आत येऊन विचारतो, "आई, चिप्स उरल्यात का गं?" मग आई दबक्या आवाजात म्हणते, "गप बस, नेव्हिल टेप करतोय."

चौदा वर्षांच्या नेव्हिलने त्या संध्याकाळी बॅरीच्या मुस्काटात ठेवून दिली. बॅरी ते दुसऱ्या दिवशी विसरला. नेव्हिल विसरला नाही. बॅरी मोठा झाला, मासेमारीच्या बोटीवर गेला, बोटी बंद पडल्यावर गोदीत मासळीच्या पेट्या उचलू लागला, मॉरीनशी लग्न केलं, आजोबा झाला. पण दर नाताळाला जेवणाच्या टेबलावर नेव्हिल हटकून तो विषय काढी. बॅरी हसत म्हणे, "अरे, भूक लागली होती मला! तुझा तो कॅप्टन काय जेवायला घालणार होता?" सगळे हसत. नेव्हिल हसत नसे.

टेप त्याने कपाटात ठेवली होती, डब्यात, डबा कापडात. वाजवली की झिजते आणि प्रत काढली की आवाज मरतो, म्हणून पुढे त्याने ती वाजवलीही नाही आणि तिची प्रतही काढली नाही. जपणं म्हणजे हात न लावणं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मग एका हिवाळ्यात डीव्हीडीच्या कंपनीने शेवटी ती कथा बाजारात आणायची ठरवली, तेव्हा जुने आवाज साफ करणाऱ्या ग्रॅहम टिपलेडीकडे नेव्हिल स्वतः टेप घेऊन गेला. आगगाडीत ती त्याने मांडीवर धरली होती. आठवड्याभराने ग्रॅहमचा फोन आला.

"नेव्हिल, टेप पार वाळलीय रे. यंत्रावरून कशीबशी एकदा उतरवून घेतली. आता नुसता भुसा उरलाय."

"आवाज आला ना?"

"झकास आला. एक विचारायचं होतं. शेवटी ते पोरगं चिप्स मागतंय, त्याचं काय करू? कॅप्टनचं वाक्य दुसऱ्या एका घरघरणाऱ्या टेपवरून घेऊन ठिगळ लावता येईल. पण खरं सांगू, गोड वाटतं ऐकायला. ठेवूया का?"

"काढ."

"आईचं पण?"

"सगळं. मुळासकट काढ. आणि साफ झाल्यावर तुझ्याकडचा कच्चा आवाजही पुसून टाक."

"तो कशाला? पडला असता कोपऱ्यात."

"कोपऱ्यातलं बाहेर फुटतं, ग्रॅहम. मग लोक तेच एकमेकांना वाटत बसतात आणि मालिकेच्या चाहत्यांच्या बैठकीत 'चिप्स, चिप्स' करून खिदळतात. नको मला ते."

ग्रॅहमने बरं म्हटलं. ते झालं की नाही हे विचारायला नेव्हिलने पुढे आणखी एकदा फोनही केला. जन्मभर पुसणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या माणसाने हे केलं, आणि करताना त्याला काहीसुद्धा वाटलं नाही.

मे महिन्यात बॅरी गेला. गोदीत, सकाळच्या लिलावाआधी, बर्फाच्या पेट्यांना टेकून बसला तो उठलाच नाही.

नेव्हिलला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. चर्चमध्ये त्याला दिसलं, की हातातल्या स्तोत्रांच्या कागदांना पिना तिरक्या मारल्यात. त्या तिरक्या पिनांचं त्याला जेवढं वाईट वाटलं तेवढंही बाकी कशाचं वाटलं नाही. आपल्यात काहीतरी बंद पडलंय हे त्याला कळत होतं, पण काय ते बघायला वाकायचीही ताकद नव्हती. पबच्या मागच्या खोलीत हॅमची सँडविचं आणि पोर्क भरलेली पेस्ट्री मांडली होती. तो एक सँडविच हातात धरून उभा राहिला, आणि ते कोणीतरी येऊन काढून घेईपर्यंत तसाच उभा होता.

काढून घेणारी मॉरीन होती.

"खा तरी, नाहीतर खाली ठेव. पाव वाळला बघ हातात." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "नेव्हिल, त्या तुझ्या टेपवर आपला बॅरी आहे ना रे? चिप्स मागतो तो?"

"आहे," नेव्हिल म्हणाला.

"मला ऐकव. घरात त्याचा आवाज कुठेच नाही. फोनच्या निरोपाच्या यंत्रावरसुद्धा मीच आहे, त्याला लाज वाटायची बोलायला. फोटो ढीगभर आहेत, पण फोटोला काय, तो आपला गप्प. ऐकवशील ना?"

"ऐकवतो."

घरी येऊन त्याने ग्रॅहमला फोन लावला आणि त्या कच्च्या आवाजाचं विचारलं.

"पुसला की," ग्रॅहम म्हणाला. "तूच दोन-दोनदा बजावलंस. का रे?"

"काही नाही. बरं केलंस," नेव्हिल म्हणाला. फोन ठेवला, कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. मॉरीनला सांगायला हवं, हे कळत होतं. दर रविवारी तो फोनपाशी जाई आणि उभ्याउभ्याच परत फिरे. उन्हाळा असाच गेला.

सप्टेंबरात 'धुक्यातला भोंगा'चा डबा आला. ज्याची टेप त्याला कंपनीने एक प्रत पाठवली होती. कडेवर दिव्याचं चित्र होतं, जन्मभर भिंतीत नसलेलं. नेव्हिलने तो डबा फटीत सरकवला नाही. टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून जेवला.

मॉरीनला तो डबा आला हे गोदीतल्या कोणाकडून तरी कळलंच. रविवारी दुपारी ती आली, चांगला कोट घालून, कानात डूल, हातात आल्याचा केक. बॅरीला भेटायलाच आल्यासारखी ती सजून आली होती. नेव्हिलने ते पाहिलं आणि तोंड उघडलं, पण त्यातून "चहा घेतेस?" एवढंच निघालं.

त्याने डब्याचं प्लॅस्टिक फाडलं. मॉरीन बघतच राहिली.

"अरे, तू फाडतोस?"

"बघायचं तर फाडावंच लागतं."

डीव्हीडी सुरू झाली. पडद्यावर एकेक फोटो येई, थांबे, जाई.

"हलत का नाहीत ही माणसं?"

"चित्रं पुसली गेली. नुसता आवाज आहे."

"कोणी पुसली?"

"टीव्हीवाल्यांनी."

"मेल्यांना अक्कल कशी ती नाही," मॉरीन म्हणाली आणि केक कापू लागली.

शेवट जवळ आला तशी ती खुर्चीच्या कडेवर सरकली. मांडीवरची बशी तिने खाली ठेवली, चमचा वाजू नये म्हणून.

"आता येईल ना तो?"

"आता," नेव्हिल म्हणाला.

कॅप्टन ऑर्मने दिवा विझवला. भोंगा थांबला. इतकं स्वच्छ, की नौकेचा दोर ताणला गेल्याचंही ऐकू आलं. "आता ते आपल्याला पाहू शकत नाहीत," कॅप्टन म्हणाला. शब्द न् शब्द मोकळा. हे वाक्य असं ऐकायला नेव्हिलने उभा जन्म घालवला होता. ते त्याने ऐकलं, आणि आत काहीही हललं नाही. मग संगीत सुरू झालं, आणि शेवटच्या नावांमध्ये एक ओळ वर सरकली: ध्वनी, नेव्हिल डॅनट यांच्या संग्रहातून.

"कुठे आला?" मॉरीन म्हणाली. "मला ऐकू नाही आलं. तुला आलं?"

"नाही तो त्यात."

"म्हणजे?"

"काढलाय. मीच काढायला सांगितला. गेल्या हिवाळ्यात, तो होता तेव्हा."

"मग ती टेप लाव."

"टेपचा भुसा झाला. आणि उतरवून घेतलेलं होतं तेही मी पुसायला लावलं."

"एवढंसं पोर होतं रे ते," ती म्हणाली. "भूक लागली म्हणून आत आलं. त्याच्यावर तू म्हातारा होईपर्यंत डूख धरलास, आणि एवढ्या मोठ्या भिंतीत त्याला बोटभर जागा नाही दिलीस." ती उठली आणि कोट घालू लागली. तिला दुसरी बाही सापडेना.

नेव्हिलने कोटाला हात लावला नाही. त्याने रिमोट घेतला आणि डीव्हीडी थोडी मागे नेली. दिवा विझला. भोंगा थांबला. कॅप्टनने तोंड उघडलं, आणि नेव्हिल त्याच्यावर बोलला, मोठ्याने, नाकातून, दारातून पळत आल्यासारखा:

"आई, चिप्स उरल्यात का गं?"

कॅप्टनचं वाक्य त्याखाली बुडालं. मॉरीन एक हात बाहीत घातलेली तशीच उभी राहिली.

"तसंच म्हणायचा," ती म्हणाली. "'का गं' ओढून. शेवटपर्यंत तसंच." मग, "आणि आई काय म्हणाल्या?"

"गप बस, नेव्हिल टेप करतोय."

"मग?"

"मग काय? मग संगीत."

"ते नाही रे. उरल्या होत्या का चिप्स?"

नेव्हिलने उत्तरासाठी तोंड उघडलं. त्या मालिकेचा भाग न् भाग त्याला पाठ होता. कुठल्या भागात नांगराची साखळी उलटी दिसते, कुठल्या भागात खलाशाच्या हातातलं घड्याळ बदलतं, सगळं. तो ती संध्याकाळ शोधू लागला. माइक दिसला, खुर्ची दिसली, फिरणारी चाकं दिसली, आपला उगारलेला हात दिसला. चुलीकडे, आईकडे, ताटाकडे त्याने त्या दिवशी पाहिलंच नव्हतं.

"आठवत नाही," तो म्हणाला. "मॉरीन, मला आठवतच नाही गं." आणि मे महिन्यापासून न आलेलं रडू त्याला आलं, तोंड वाकडं करून, मुस्काटात बसलेल्या पोरासारखं.

मॉरीनने कोट काढून खुर्चीवर टाकला, त्याच्या हातातला रिमोट घेतला, आणि बटण सापडेना तेव्हा म्हणाली, "मागे कसं न्यायचं ते दाखव. परत म्हण."