केरूच्या अंगठ्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी हजेरीची मशीन आहे. रियाधच्या अल सुलै भागात एका वर्कशॉपच्या फाटकावर मला बसवलं, तेव्हा माझी काच कशी लखलखत होती! रोज तीनशे माणसं माझ्यावर अंगठा टेकवून आत जात. गुहागरचा वेल्डर केरू त्यांतलाच एक. कामानं त्याचा अंगठा झिजला होता. मला तो चटकन ओळखता येत नसे, पण तो कधी चिडला नाही.

इंजिनियर सुशीलसाहेबांनी एकदा त्याला तेलाच्या टाकीवर वेल्डिंग करायला सांगितलं. केरू म्हणाला, "साहेब, आत वाफ कोंडली हाय. ती काढल्याबिगर मी ठिणगी पाडनार नाय."

चारचौघांतला नकार साहेबांना झोंबला. त्यांनी कफिलाचे, म्हणजे केरूला व्हिसावर आणणाऱ्या मालकाचे, कान भरले आणि केरू काम सोडून पळाल्याची तक्रार सरकारात गेली. केरू तर रोज कामावर येत होता! सतराव्या दिवशी पोलिसांनी त्याला माझ्यासमोरूनच नेलं आणि मायदेशी धाडलं. साहेबांनी मला भिंतीवरून उपटून भंगारात फेकलं. तिथे पडल्या पडल्या मी ठरवलं, या साहेबाला सोडायचं नाही.

चार वर्षांनी यान्बूच्या एका कारखान्यानं केरूला तीन महिन्यांच्या कामाला बोलावलं. व्हिसा नाकारला गेला. कारण, पूर्वीचं वर्तन. केरूनं न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. तिथून मूळ हजेरीची मागणी आली, तेव्हा साहेबांनी लिहून दिलं, "मशीन जळाली."

पण स्टोअरवाल्या हुसेनमियाँनी मला शोधून काढलं. त्यांनी वीज जोडली आणि मी जागी झाले.

मला वर्कशॉपच्या ऑफिसात ठेवलं आणि सुनावणी तिथल्या पडद्यावर, व्हिडिओवरून झाली. न्यायाधीशांचा प्रश्न दुभाष्यानं हिंदीत विचारला, "तो पळाल्यावर सतरा दिवस अंगठा कोण लावत होतं?"

"जुनी मशीन आहे, चुकली असेल," साहेब पुटपुटले.

मी एकेक तारीख दाखवत गेले. सकाळची, संध्याकाळची, एकही गाळली नाही. साहेबांचा चेहरा उतरताना पाहून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

केरूला व्हिसा मिळाला. खोट्या तक्रारीचा ठपका साहेबांवर आला, नोकरी गेली आणि ते नाशिकला परतले. वर्षभरानं त्यांनीही तात्पुरता व्हिसा मागितला. तो नाकारला गेला. कारण, पूर्वीचं वर्तन!

यान्बूला पुन्हा कामावर आलेला केरू हुसेनमियाँना भेटायला स्टोअरात, माझ्यासमोरच आला होता, तेव्हाच मियाँना साहेबांचा फोन आला. केरू इथंच आहे, असं सांगून मियाँनी स्पीकर लावला.

"केरू, मी दाद मागतोय. माफ केलं म्हणून एक पत्र दे रे. दोन वाक्यं पुरेत."

"साहेब, 'बाप पळपुटा' म्हनून माझ्या लेकीचं जमलेलं लगीन मोडलं."

"चुकलो मी. पाया पडतो."

केरू मियाँकडे वळला. मग म्हणाला, "मियाँ, कागद घ्या. लिवा. सुशीलसाहेब खोटं बोलले. मी त्यांना माफ केलेलं नाय. झाली दोन वाक्यं. धाडा."

फोन बंद झाला. मला दया आली नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना नीट सांभाळा, भंगारात फेकू नका. आणि कुणाच्या नावापुढे काही लिहाल, तर ते खरं आहे ना, एवढं पाहून लिहा.