कादंबरीची वाटणी

सुरडकर सरांची ती कादंबरी इतकी जुनी होती की अमडापूरच्या उन्हात तिच्या पाठीचा डिंक वितळून टेबलावर ओघळला. त्याला मुंग्या लागल्या. मुंग्यांनी आधी दोन प्रकरणं वाचली आणि मगच डिंक खाल्ला, असं कॉलेजचा शिपाई सांगतो. मी म्हणतो, तीन वाचली. पानांचे कोपरे त्याच्याही आधी उंदरांनी नेले होते, त्यामुळं एकाही पानावर आकडा उरला नव्हता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठीची पाच पोरं, कादंबरी एकच, आणि दुसरी प्रत कुठं मिळेना. सर शेतकऱ्याच्या घरातले. म्हणाले, "वाटणी करू. पाच हिस्से. ज्यानं त्यानं आपला हिस्सा वाचायचा, बाकीच्यांना सांगायचा, आणि शनिवारी सगळ्यांनी बसून चर्चा करायची, की या पुस्तकात आहे तरी काय. जो नीट बोलेल, तो शेगावच्या गटचर्चेत आपल्या कॉलेजकडून पहिला बोलेल."

गणेशच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. पाचवा हिस्सा सगळ्यांनाच हवा होता. शेवट त्यात होता ना! रस्त्याला लागून असलेलं रानच ते. चिठ्ठी निघाली मंजुश्रीची. तिच्या अलीकडचा चौथा हिस्सा दीपकला.

दीपक म्हणजे शेषरावांचा थोरला. शेषरावांनी तीस वर्षं शेजाऱ्याचा बांध दरसाल बोटभर असा कोरला की एकदा शेजारी सकाळी उठला, तर त्याची खाट शेषरावांच्या तुरीत. पोरगं मात्र बोलण्यात तयार. स्नेहसंमेलन असो की पाहुण्यांचं स्वागत, माईक दीपकच्याच हातात. शेगावला पहिला बोलणारा आपणच, हे धरून त्यानं नवा शर्टही शिवायला टाकला होता.

आणि मंजुश्री? बसनं येणारी, मागच्या बाकावरची. तीन वर्षांत तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. पण सरांनी पहिलं प्रकरण वर्गात वाचलं, त्या दिवशी ती उठली. कादंबरी होती दोन जावांची आणि त्यांच्या सामाईक विहिरीची. मंजुश्री म्हणाली, "सर, मोठी विहिरीत वाकली तवा तिनं पाणी नाई पाह्यलं. धाकटी किती भरून नेते, ते पाह्यलं."

सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी फळा पुसला तो त्या वाक्याला वळसा घालून. तिसऱ्या दिवशीही तसाच.

दीपक तीन दिवस त्या फळ्यासमोर बसला. आतून इतका तापला की शेजारी बसणाऱ्या गणेशच्या डब्यातली वांग्याची भाजी दुपारपर्यंत वाफाळत राहायची. गणेशला वाटलं, आईनं नवा डबा घेतला.

सुटे हिस्से हरवू नयेत म्हणून शिवून आणायचं ठरलं. बाजारात पोती शिवणारे मोतीरामबुवा दाभणानं काय वाटेल ते शिवतात. "मी नेतो सगळे," दीपक म्हणाला. सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. वाटेत तो पाराच्या मागं थांबला, मंजुश्रीच्या गठ्ठ्यातली पहिली आठ पानं काढली आणि आपल्या शर्टात सारली. दुसरं काही नाही. बापाच्या औताला जे जमत होतं, ते पोराच्या बोटांना जमलं.

ती आठ पानं नेमकी काय होती, ते सांगतो. चौथ्या हिश्श्याच्या शेवटी मोठी जाऊ भरदुपारी दगडांची पाटी घेऊन विहिरीकडं निघते. पाचव्यात विहीर बुजलेली आणि दोघींची रानं वाळलेली. तिनं असं का केलं, ते मधल्या आठ पानांत.

मंजुश्रीच्या हाती आला बिनकारणाचा शेवट. तिनं तो सात वेळा वाचला. सारिकाकडं जाऊन पहिला हिस्सा मागितला, रवीकडं दुसरा, गणेशकडं तिसरा. दीपककडंही गेली.

"दीपकभाऊ, तुह्या हिश्श्यात काई सांगतलं का, मोठीनं काऊन बुजवली विहीर?"

"माह्यात काईच नाई," दीपक म्हणाला. "तुह्या वाटचं तूच शोध. शेवट तुले भेटला ना?"

शनिवारी पाचही जण गोल करून बसले. सर बाजूला, हातात वही. प्रश्न एकच निघाला, मोठीनं विहीर का बुजवली?

"लालच," रवी म्हणाला. "तिले सगळं पाणी एकटीले पाह्यजे होतं."

"मंग बुजवली काऊन बे?" सारिका उसळली. "बुजवल्यावर पाणी भेटते का? तुह्या घरी भेटत असंल!"

"मले वाटते नवऱ्यानं सांगतलं," गणेश म्हणाला. "बायका सोताहून कुठं..."

"तू चूप बस," सारिका म्हणाली. "डबा खाय."

मंजुश्रीनं हिस्से मांडीवर ओळीनं ठेवले होते. ती हळू बोलायला लागली. "पह्यल्या हिश्श्यात मोठी धाकटीच्या घागरी मोजते. दुसऱ्यात धाकटीचा कांदा चांगला झाला तर ही दोन दिस जेवत नाई. तिसऱ्यात धाकटी हिले हिरव्या मिरच्या देते, अन् ही त्या तिच्या पाठीमागं उकिरड्यावर फेकते. सर, तिचंही रान त्याच विहिरीवर भिजत होतं. तरी बुजवली. तिले पाणी पाह्यजेच नव्हतं. धाकटीची घागर रिकामी पाह्यजे होती. पुस्तकात कारण नाई, काऊन की ते कोनी तोंडानं सांगत नसते."

सरांची वही तशीच उघडी. पेन थांबलेला. दीपकनं सरांचा चेहरा पाहिला आणि शेगाव हातातून चाललेलं त्याला स्पष्ट दिसलं. अजून दोन घटका तो गप्प बसता, तर आठ पानं जन्मभर कुणाला कळली नसती. पण जळणाऱ्याला धूर दाबता येत नाही.

"चूक!" तो ताडकन उठला. "कारण लिह्यलं हाय! मोठीच्या सपनात मेलेली सासू आली अन् म्हणे, विहिरीले दोष हाय, बुजवून टाक. मोठी सगळ्या गल्लीले सांगते! हे पाहा!" आणि शर्टातून पानं काढून त्यानं दाणदाण वाचून दाखवली.

वाचून झालं.

"हे पानं कोनाच्या वाटणीतले?" सारिकानं विचारलं.

गणेश हळूच म्हणाला, "दीपक्या, बांध कोरला का बे?"

दीपक पानांची घडी घालत म्हणाला, "नाई... बुवाच्या दुकानासमोर वारं सुटलं होतं. उडून माह्या गठ्ठ्यात आले."

"आठही? ओळीनं?" गणेशला राहवलं नाही. "मोठं शिकेल-सवरेल वारं दिसते!"

सगळे हसले. मंजुश्री हसली नाही. तिनं पानं मागून घेतली आणि सगळ्यांसमोर बसून पहिल्यांदा वाचली. डोळ्यांत पाणी आलेलं तिनं ओढणीच्या टोकानं टिपलं. आठवडाभर तिनं जे शोधलं होतं, ते कुणाच्या तरी शर्टात घामेजत होतं. वाचून ती म्हणाली, "मी चुकले सर. कारण हाय पुस्तकात."

दीपकच्या छातीत जरा गार वाटलं. तेवढंच.

"पण सर," मंजुश्री पुन्हा पान उलटत म्हणाली, "हे सपन मोठीच सांगते. दुसऱ्या कोनी पाह्यलं नाई. दीपकभाऊचं वारं कोनी पाह्यलं का? हिचं सपन अन् त्याचं वारं एकच हाय. खरं सांगता येत नाई, म्हणून असं काई तरी सांगा लागते."

सरांनी वही मिटली. शेगावला पहिली मंजुश्री बोलेल, एवढंच म्हणाले. आणि दीपकला म्हणाले, "तूही चल. गटात पाच लागतात."

शेगावला मोठं सभागृह, बारा कॉलेजं, मध्ये गोल टेबल. मंजुश्री बोलली. विहीर, घागरी, सपन, सगळं. मग म्हणाली, "आमच्या गटातल्या एका मित्रानं असंच एक वारं सांगतलं, त्याच्यापायी आमाले ही कादंबरी समजली." आणि वाऱ्याची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. सभागृह आधी खो खो हसलं, मग टाळ्यांनी असं दणाणलं की बाहेर उभ्या एका बसच्या काचा खाली आल्या. फुटल्या नाहीत, नुसत्या सरकल्या, एवढं मी कबूल करतो.

नवा शर्ट घातलेला दीपक टेबलाच्या टोकाला बसून टाळ्या ऐकत होता. सगळ्या मंजुश्रीकडं चालल्या होत्या. गोष्ट कुणाची, वारं कुणाचं, आणि टाळ्या कुणाला! त्याला ते बघवेना. गणेशनं त्याचा शर्ट मागून धरला, "बस बे, काऊन उठून राह्यला!" पण तोवर तो उभा राहिला होता, हात वर करून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं ओरडत:

"ते वारं माहं होतं!"