वरच्या फळीवरचा शेवटचा डोळा

मी एक राखाडी डबा बोलतोय. टीव्हीला जोडून चकतीवरचे खेळ खेळायचा डबा. ओसाकाच्या निप्पोनबाशीत जिना चढून गेलं की कुवाबारासानांचं दुकान लागतं. तिथे सगळ्यात वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. दाराची घंटा वाजली की माझ्या पोटात गोळा येतो.

कंपनीने आम्हाला बनवणं केव्हाच बंद केलं, मग दुरुस्तीही. आता आमच्या जातीला हेच एक दुकान. नवे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून एकाचे काढून दुसऱ्याला लावतात. माझं झाकण नागोयाला गेलं. बटण एका निवृत्त मास्तरांकडे गेलं. उरला फक्त चकती वाचणारा डोळा, म्हणजे लेन्स.

ती मात्र कुवाबारासान देत नव्हते. मी त्यांच्या पहिल्या पगारातला. "लेन्स संपल्या हो," असं ते गिऱ्हाइकाला सांगत आणि कान खाजवत. ते खोटं बोलले की कान खाजवतात. मला त्यांची लाज वाटायची, आणि सुटल्यासारखंही वाटायचं.

परवा निशिवाकीबाई आल्या. कापडात बांधून माझाच एक भाऊबंद आणला होता, लेन्स गेलेला. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालाय. डावा हात फक्त मासेमारीच्या खेळात हलतो.

"डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा," बाई म्हणाल्या. "आमचे हे कुणाचं ऐकतील तर ना. टीव्हीतला मासा ओढायचा म्हटलं की बोटं वळतात. आठवडा झाला, नुसते बसून आहेत."

कुवाबारासानांचा हात कानाकडे गेला. मी श्वास रोखला, डब्याला जेवढा रोखता येतो तेवढा. हात अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी स्टूल ओढलं.

स्क्रू फिरताना मी फार घाबरलो, खोटं कशाला सांगू? थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावर चकती फिरू लागली आणि सुरुवातीची धून वाजली. माझीच धून, पण दुसऱ्याच्या तोंडून. बाई पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसत होत्या.

कुवाबारासानांची आई शिवणकाम करायची. वर्षातून एकदा ती मोडक्या सुया मऊ तोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, टोचून ठेवायची. जन्मभर जाड कापडात राबल्या, आता मऊ जागी विसावा. त्या संध्याकाळी ते तोफूची वडी घेऊन आले. बाईंची निकामी लेन्स तिच्यावर ठेवली आणि वडी माझ्यासमोर मांडली.

"दमलास रे," ते म्हणाले, आणि वाकून नमस्कार केला.

आता माझ्यात काढण्यासारखं काही नाही. वाटलं होतं, भीती तरी जाईल. पण घंटा वाजली की अजून गोळा येतोच. आज एक जण आला, लेन्स मागितली. "संपल्या हो," कुवाबारासान म्हणाले. त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते.

तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा डबा असेल तर फेकू नका. बंद असला तरी चालेल. जिना चढून इथे आणून द्या.